कुत्रा चालेल काय?

सुटीच्या दिवसांत परगावी घर भाड्याने घेऊन राहण्याची रीत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. एके काळी आपल्या लोकांचा प्रवास म्हणजे वेलंकनीची किंवा जुन्या गोव्याची यात्रा आणि मुक्काम म्हणजे नातलगाची ओसरी. आता तसे राहिलेले नाही. तरुण मंडळी दूरध्वनीवरून चौकशी करतात, घराची छायाचित्रे पाहतात, जेवणाचे दर ठरवितात आणि शुक्रवारी रात्री सामान गाडीत भरतात. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. रविवारची मिस्सा चुकली नाही म्हणजे झाले. मात्र या साऱ्या सोयीत एका घटकाची सोय कोणी पाहिलेली नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, अशी माणसे कोठेच जात नाहीत. लग्नाला गेली तरी जेवून उठतात आणि शेवटची बस पकडतात. विचारले तर म्हणतात, “घरी मुके जनावर आहे, फादर.” या उत्तरापुढे आम्ही आजवर कधी वाद घातलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षिकेसाठी असे घर शोधण्याची पाळी आमच्यावर आली. सारा गाव त्यांना ‘बाई’ म्हणतो. आम्हीही तेच म्हणू. बाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. त्यांनी पेठेच्या रस्त्यावरून उचलून आणलेले एक पिल्लू, मोती, हे त्यांच्यामागे बाईंकडे राहिले. मोती आता अकरा वर्षांचा आहे. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. यजमानांच्या अंत्यविधीनंतर बाई एका रात्रीसाठीही घराबाहेर राहिलेल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात रुग्णालयात परिचारक आहे. तो ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी आला, तो मनात एक बेत धरूनच. आईला सहा महिन्यांसाठी तिकडे न्यावयाचे. आईच्या नकाराचे कारण चार पायांचे होते. तेव्हा तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “फादर, आधी तिला चार दिवस कुत्र्यासकट घराबाहेर काढू. पुढचे तुम्ही बोला.”

कुत्र्यासकट बाहेर जाणे त्याला सोपे वाटत होते, कारण तो राहतो तेथे ते खरोखरच सोपे आहे. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जुन्या कोळ्यांची, शेतकऱ्यांची दगडी घरे आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात आणि त्यांतील कित्येकांच्या माहितीपत्रकात कुत्र्याचे स्वागत आहे असे स्पष्ट लिहिलेले असते. अटीही तितक्याच स्पष्ट असतात. एक किंवा दोनच कुत्रे. प्रत्येकी अमुक पौंड. पलंगावर चढू देऊ नये. घरात एकटे सोडून जाऊ नये. समुद्रावरून आल्यावर पाय दारातच पुसावेत. त्या दोन परगण्यांच्या कडेने जाणारी 630 मैलांची किनारवाट कुत्र्यांना खुली आहे. तरी मुलाने प्रामाणिकपणे हेही सांगितले की उन्हाळ्याच्या महिन्यांत तेथील बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसा कुत्र्यांना मज्जाव असतो, आणि मेंढरे चरत असतील तेथे दोरी सोडलेली चालत नाही. स्वागत आहे, पण ते नियमाने बांधलेले आहे.

आम्हांस वाटते, या निर्धास्तपणाच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ब्रिटनने 1922 साली आपल्या भूमीवरून कुत्र्यांतील रेबीज नाहीसा केला आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलग कोठडीत ठेवण्याचा नियम कित्येक दशके कसोशीने पाळला. 2000 साली काही देशांपुरता आणि 2012 पासून इतरांसाठीही तो नियम शिथिल झाला. तेथील आई आपल्या मुलाला परक्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवू देते, त्यामागे हा शंभर वर्षांचा पहारा आहे. आपल्याकडे कुत्रा चावला म्हणजे जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तडक इस्पितळ गाठावे लागते. उशीर झाला आणि रोग अंगात उठला की औषध नाही. आपल्या लोकांना कुत्र्याचे भय वाटते ते अडाणीपणाने वाटते, असे कोणी म्हणू नये.

तर घराचा शोध सुरू झाला. महाबळेश्वर-पाचगणीकडे विचारणा केली. एकाने विचारले, “जात कोणती?” आम्ही क्षणभर गोंधळलो, मग ध्यानात आले की प्रश्न मोतीविषयी आहे. गावठी असे कळताच त्याने फोन ठेवला. दुसरीकडे विलायती लहान कुत्रा चालणार होता, देशी नाही. तिसऱ्याने अनामत इतकी सांगितली की त्या रकमेत बाईंच्या घराची कौले बदलून झाली असती. चौथा गृहस्थ उमदा होता, म्हणाला, “कुत्र्याचं काही नाही, पण म्हातारी माणसं असली तर जिने फार आहेत.” मुलाचा चेहरा उतरत चालला. ज्या देशात देशी कुत्रा जन्मतो त्याच देशात त्याला रात्रीचा निवारा मिळू नये, हे त्याला लागले असावे.

शेवटी साताऱ्यातील एका धर्मगुरू मित्राने मेढ्याजवळच्या एका शेतकऱ्याचे नाव सुचविले. घरधन्याचे उत्तर आम्ही तसेच्या तसे लक्षात ठेवले आहे: “आना की फादर. त्याला काय दोन खोल्या लागत्यात व्हय? पर टोचल्याचं कार्ड आना, आन् रातच्याला भाईर बांधू नगा.”

मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण, वेण्णा नदीच्या काठी. साताऱ्याहून जाणारा रस्ता मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला जातो. पुण्याकडून येणाऱ्याला पाचवडला महामार्ग सोडून कुडाळवरूनही येता येते, आम्ही तसेच गेलो. जावळी म्हटले की आपल्याला 1656 साल आणि चंद्रराव मोरे आठवतात. शाळेत शिकलेला इतिहास तेथेच थांबतो. जावळीचा अलीकडचा इतिहास मात्र मुंबईत घडला. डोंगरउताराची भातखाचरे आणि नाचणीची वावरे सगळ्या भावांना पुरत नाहीत, म्हणून येथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले आणि बाजारपेठांतून पाठीवर ओझी वाहिली. अण्णासाहेब पाटलांनी या माथाडी कामगारांना संघटित केले आणि 1969 साली त्यांच्यासाठी कायदा झाला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. आमचा घरधनीही त्यांतलाच. आधी मशीद बंदर, मग वाशीचा बाजार, अशी तीस वर्षे काढून तो गावी परतला होता. दोघे भाऊ अजून मुंबईकडेच. त्यांच्या वाट्याची घरे जत्रेला आणि गणपतीला उघडत, एरवी कुलूप. बंद घराला वाळवी लागते आणि कौलांतून पाणी शिरते. तेव्हा त्यातले एक घर धुऊनपुसून, न्हाणीघर नवे बांधून, त्याने पाहुण्यांसाठी ठेवले होते. राज्य शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून असे उद्योग खेड्यापाड्यांत वाढले आहेत. येथे तर निमित्त साधेच होते: घरात चूल पेटत राहावी.

घर मोठे नव्हते. पुढे ओटा, मध्ये माजघर, मागे पडवी; बाजूला गोठ्यात दोन म्हशी आणि चार शेळ्या. अंगण शेणाने सारवलेले. समोर भाताची खाचरे पिवळी पडली होती आणि त्यापलीकडे कोठेतरी वेण्णेचे पाणी वाजत होते. घरधन्याची आई, ऐंशीच्या पुढची, ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिने मोतीकडे नजर टाकली आणि मग बाईंना म्हणाली, “दमलंय की वो तुमचं कुत्रं. पानी द्या.” इतके दिवस फोनवर चाललेल्या वाटाघाटींत कुत्रा दमला असेल हे कोणाच्या तोंडून निघाले नव्हते.

कार्ड मात्र तिने मुलाला काढून दाखवायला सांगितले. तिला वाचता येत नव्हते. नातवाकडून तारीख वाचवून घेतली आणि मगच मोतीला उंबरा ओलांडू दिला. देवघरात आणि चुलीपाशी जायचे नाही, शेळ्यांच्या बाजूला दोरीशिवाय फिरायचे नाही, जेवण आपल्या भांड्यात. डेव्हनच्या माहितीपत्रकातील अटींशी या अटी ताडून पाहिल्या तर फारसा फरक नाही, असे मुलालाच हसून कबूल करावे लागले.

रात्री बाहेर न बांधण्याची अट तेवढी निराळी होती. बाईंना ती कळली नाही, कारण मोती घरी अंगणातच निजतो. घरधन्याने आपल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा दाखविला. चामड्याच्या पट्ट्याला बाहेरून लोखंडी खिळे ठोकलेले. धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसा. “वाघरू येतंय,” तो म्हणाला. “नरड्यालाच धरतंय. खिळं लागलं तर सोडतंय कधी कधी.” वाघरू म्हणजे बिबट्या. आदल्या पावसाळ्यात त्याचा एक कुत्रा ओट्यावरून गेला होता. रात्री कोणाला चाहूलही लागली नव्हती. सकाळी साखळी होती. ही काही या एका गावची गोष्ट नव्हे. अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेचा तपास केला, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. आपण ज्याला राखणदार म्हणतो तो रानाच्या दृष्टीने सोपा घास आहे. त्या रात्री मोती माजघरात बाईंच्या खाटेखाली निजला आणि आम्ही दाराचा अडसर दोनदा तपासला.

चार दिवसांत जे पाहावयाचे ते आम्ही पाळीपाळीने पाहिले. कासच्या पठारावर फुले सरत आली होती. तेरड्याचा गुलाबी रंग ओसरून सोनकीचा पिवळा काही तुकड्यांवर उरला होता. 2012 साली पश्चिम घाटाच्या काही भागांसह कासला जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून तेथे कुंपण, तिकीट आणि रखवाली आली. मुलगा आणि सून गेली, तेव्हा बाई मोतीजवळ राहिल्या. आम्ही आणि बाई गेलो, तेव्हा मुलगा राहिला. बामणोलीहून नावेने वासोट्याला जाण्याचा बेत तर मुळातच सोडावा लागला. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, तेथे पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एका घरगुती कुत्र्याने रानातल्या जनावरांत कोणता रोग सोडला, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बाईंनी नाव नाकारली आणि शिवसागराचे पाणी काठावरूनच पाहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओट्यावर, मुलाने विषय काढला. आम्ही तेथे होतो. त्यासाठीच तर नेले होते. त्याने कागदच काढले. मोतीलाही नेता येईल, तो म्हणाला. कातडीखाली ओळखीची चकती बसवावयाची, मग रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावयाचे. नंतर विमानातून, मालाच्या कप्प्यात. खर्च तो सोसणार होता. बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांनी वर्गात जसा प्रश्न विचारला असता तसा विचारला, “मालाच्या कप्प्यात किती तास?” नऊ-दहा तास आणि आधी-नंतरचे. मोती त्यांच्या पायाशी होता. त्या म्हणाल्या, “बाबांनी त्याला उचलून आणला तो कोणीतरी गोणीत घालून टाकला होता म्हणून. अकराव्या वर्षी त्याला पुन्हा पेटीत घालू?”

मुलगा बोलला नाही. थोड्या वेळाने जे बोलला ते कुत्र्याविषयी नव्हते. “आई, बाबा गेले तेव्हा मी पोहोचलो नाही. तुझ्या बाबतीत तसे होऊ नये.” ते वर्ष 2021 होते, विमाने बंद होती, आणि त्या अंत्यविधीला आमच्यासह केवळ सात माणसे होती. मुलाने तो विधी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला होता. त्याच्या मनातले हे ओझे त्याने आईपुढे तेथवर कधी उतरवले नव्हते, आणि आम्हांलाही ते तेथेच प्रथम कळले. घरधन्याची आई शेंगा निवडता निवडता थांबली होती. तिचे दोन मुलगे मुंबईला. ती एवढेच म्हणाली, “बोलावत्यात त्ये जावं. पन आपलं आपन ठरवून जावं.”

आमच्याकडे सर्वांनी पाहिले. आम्ही बोलण्याची तयारी करून आलो होतो आणि त्यातले काही बोललो नाही. आमच्या मनात त्या वेळी तोबितचा ग्रंथ होता. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलात तो नाही, म्हणून कदाचित त्यातील ही बारीकशी गोष्ट सर्वांच्या परिचयाची नसेल. आंधळ्या बापाचे पैसे आणावयास तरुण तोबिया दूरदेशी निघतो, महादूत राफाएल अनोळखी सोबत्याच्या रूपात बरोबर असतो, आणि कुत्राही त्यांच्यामागे निघतो. परतीच्या वाटेवर त्याचा पुन्हा एकदा उल्लेख येतो. एवढेच. तो काही करीत नाही, कोणाला वाचवीत नाही. तरी ज्याने तो ग्रंथ लिहिला त्याने देवदूताच्या हकिगतीत त्या कुत्र्याला दोनदा जागा दिली. घरी आई दाराकडे डोळे लावून बसलेली असते आणि लेक लांब गेलेला असतो, अशी ती कथा आहे. आम्ही ती सांगितली नाही. बाईंना ती ठाऊक होती.

चौथ्या दिवशी परतताना साताऱ्याजवळ संगम माहुलीला वळलो. वेण्णा आमच्या घरासमोरून निघून कण्हेरच्या धरणात थांबते आणि पुढे माहुलीला कृष्णेला मिळते. रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव म्हणून माहुली पुष्कळांना माहीत आहे. घरधन्याने मात्र वेगळ्याच कारणासाठी तेथे जाण्यास सांगितले होते. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने महाराजांचे प्राण वाचविले. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होता. त्याने आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे की महाराजांनी त्या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा सरदारांच्या भेटीच्या वेळी त्याला जरीची वस्त्रे व जवाहीर घालून आपली स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्या खंड्याची समाधी माहुलीस आहे. जेथे गावठी कुत्र्याला भाड्याची खोली मिळविण्यासाठी आम्ही पाच ठिकाणी विनवण्या केल्या, त्याच मुलखात अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एक कुत्रा पालखीतून फिरत होता. मोतीने आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे त्या दगडाला जो मान देण्याचे योजिले होते, तो देण्याआधीच मुलाने दोरी आखडली. बाई त्या प्रवासात प्रथमच मोठ्याने हसल्या.

निर्णय त्यांनी गाडीतच सांगितला. सहा महिने नाही. मे आणि जून, दोनच महिने. मोती येथेच राहील, पण कुत्रे ठेवून घेणाऱ्या कोणत्याही पिंजऱ्याच्या जागी नाही. मग त्या आमच्याकडे वळल्या. धर्मगुरूच्या निवासाला अंगण आहे, सावली आहे आणि बिबट्या नाही, हे त्यांनी आमच्या आधीच हेरून ठेवले होते. आम्ही होकार दिला. आमच्या स्वयंपाक्याचा होकार अद्याप यावयाचा आहे; तो मोतीला ‘पाहुणा’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना त्याची मान किंचित वाकडी होते.

बाईंनी वहीच्या पानावर, फळ्यावर लिहावे तशा अक्षरांत, सूचना लिहून दिल्या आहेत. सकाळी सहाला बाहेर. भाकरी दुधात कुस्करून, दूध गरम नको. सांधे धरले की डॉक्टरांनी दिलेली गोळी, अर्धी. फटाके वाजले तर खाटेखाली जाऊ द्यावे, ओढून काढू नये. लसीची पुढची तारीख लाल शाईने. सर्वांत खाली, निराळ्या शाईने, बहुधा नंतर सुचून लिहिलेले: संध्याकाळी सात वाजता तो फाटकाकडे जाऊन बसतो, बाबा त्या वेळी यायचे, थोडा वेळ बसू द्यावे.